हृदय थांबतें तेव्हां शेजाऱ्याचें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवी व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत आपण मागील पिढ्यांचें स्मरण केलें, परमेश्वराचे उपकार मानले, आणि पुढील वर्षांसाठीं कांहीं संकल्पही केले. अशा मंगल प्रसंगीं मृत्यूची गोष्ट काढणें कोणास विचित्र वाटेल. परंतु मला जो विषय मांडावयाचा आहे तो मृत्यूचा नसून, मृत्यूच्या उंबरठ्यावरून माणूस परत आणण्याचा आहे. शिवाय या कामाचा आरंभ डॉक्टरच्या हातून होत नाहीं, तो आपल्याच हातून व्हावा लागतो. म्हणून आपण थोडा वेळ शांतपणें ऐकून घ्यावें, अशी माझी विनंती आहे.

एखादा धडधाकट मनुष्य चालतां बोलतां एकाएकीं कोसळतो. अशा वेळीं आपल्याकडे काय होतें, तें आपण सर्व जाणतों. लोक भोंवतीं गोळा होतात. कोणी वारा घालतो, कोणी तोंडावर पाणी शिंपडतो, कोणी तें घशांत ओततो, कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, कोणी तळपाय चोळीत बसतो. एक जण रिक्षा आणावयास धांवतो, दुसरा नातेवाईकांस निरोप देतो. या सर्वांची कळकळ खरी असते, यांत मुळींच शंका नाहीं. परंतु एवढ्या धांवपळींत जें एकच कृत्य त्या मनुष्यास वांचवूं शकलें असतें, तेवढें मात्र कोणी करीत नाहीं. त्याच्या छातीच्या मध्यभागीं दोन हात ठेवून ती जोरानें व लयीनें दाबीत राहणें, हें तें कृत्य होय.

हें कृत्य कां करावयाचें, तें आधीं समजून घेऊं. आपलें हृदय विसाव्याच्या वेळीं एका मिनिटांत सुमारें ५ लिटर रक्त शरीरभर फिरवितें. त्या रक्ताबरोबर प्राणवायु मेंदूला पोहोंचतो. हृदयाच्या ठोक्यांची शिस्त विजेच्या सूक्ष्म प्रवाहावर चालते. कांहीं कारणानें ही शिस्त बिघडली, म्हणजे हृदय आकुंचन पावण्याऐवजीं नुसतें थरथरूं लागतें, अथवा अगदींच निश्चल होतें. रक्ताचा प्रवाह तत्क्षणीं थांबतो. कांहीं सेकंदांतच मनुष्य शुद्ध हरपतो, आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींचा नाश होऊं लागतो. हृदय थरथरत असतां कांहींच उपाय न केल्यास, प्रत्येक मिनिटागणिक वांचण्याची शक्यता शेंकडा ७ ते १० नें कमी होत जाते, असें डॉक्टर सांगतात. आतां आपणच विचार करावा. रुग्णवाहिका कितीही त्वरेनें निघाली, तरी वाडीच्या अरुंद वाटेनें ती दारापर्यंत येईतों दहा मिनिटें सहज जातात. तीं दहा मिनिटें कोणाचीं आहेत? तीं डॉक्टरचीं नाहींत, परिचारिकेचींही नाहींत. जो जवळ उभा आहे, त्याचीं तीं आहेत.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणें या दोन गोष्टी एक नव्हेत. झटक्यांत हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनींत अडथळा येतो. रुग्णाच्या छातींत कळा येतात, घाम सुटतो, परंतु तो शुद्धीवर असतो व बोलतो. त्याची छाती दाबावयाची नाहीं. त्याला स्वस्थ बसवून, चालावयास न लावतां, त्वरित रुग्णालयांत न्यावयाचें. मात्र त्याच झटक्यांतून पुढें हृदय बंद पडूं शकतें. मनुष्य निश्चेष्ट पडला, हांक मारली तरी ओ देत नाहीं, आणि त्याचा श्वास नेहमींसारखा चालत नाहीं, अशी अवस्था झाली कीं हृदय बंद पडलें असें समजून चालावें. नाडी शोधीत बसण्याचें कारण नाहीं. अनभ्यस्त माणसास घाईंत ती बहुधा समजतही नाहीं. आणखी एका गोष्टीनें फार जण फसतात. हृदय थांबल्यावरही कांहीं रुग्ण थांबून थांबून आचके देतात, घोरल्यासारखा आवाज करतात. तें पाहून लोक म्हणतात, 'श्वास चालू आहे, काळजी नको.' बंधूंनो, तो श्वास नव्हे. तीच वेळ हात पुढें करण्याची असते.

या उपायाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८९१ सालीं जर्मनींतील गटिंगन येथें फ्रीड्रिख मास या तरुण शस्त्रवैद्यानें, भूल दिली असतां हृदय थांबलेल्या दोन रुग्णांची छाती बाहेरून भराभर दाबून त्यांना परत आणलें, आणि पुढील वर्षीं तो वृत्तांत प्रसिद्धही केला. परंतु जगानें त्याकडे लक्ष दिलें नाहीं. पुढें सुमारें सत्तर वर्षें, हृदय थांबलें तर शस्त्रानें छाती उघडून तें हातानें चोळणें, हाच मार्ग डॉक्टरांपाशीं होता; आणि तो शस्त्रक्रियागृहाबाहेर कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. मग अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स येथें, विल्यम कौवेनहोवेन हे विजेचा धक्का देऊन हृदय पुन्हां चालू करण्याचे प्रयोग करीत होते. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, विद्युत् अभियंते होते. त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांना प्राण्यांवरील प्रयोगांत असें आढळलें कीं, धक्का देण्याचीं जड उपकरणें छातीवर नुसतीं दाबून धरतांच रक्तदाब थोडा चढतो. वीज तर अजून सोडलेलीच नव्हती! मग हा दाब आला कोठून? त्या लहानशा निरीक्षणाचा पाठपुरावा करून या दोघांनीं व जेम्स ज्यूड या शस्त्रवैद्यांनीं १९६० सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांत २० रुग्णांची हकीगत होती, आणि त्यांपैकीं १४ वांचले होते. या उपायास कोणतेंही यंत्र नको, केवळ दोन हात पुरेत, हें त्या निबंधाचें सार होय.

त्याच सुमारास त्याच शहरीं पीटर सफार या डॉक्टरांनीं तोंडानें तोंडांत श्वास देण्याची रीत सिद्ध केली, आणि दोन्ही रीतींचा मेळ घालून जगभर शिकवण सुरू झाली. परंतु अनुभव असा आला कीं परक्या माणसाच्या तोंडाला तोंड लावण्यास लोक कचरतात. आणि श्वास द्यावयाचा नाहीं म्हणून छातीही दाबीत नाहींत. दोन कामांपैकीं एक जमेना, म्हणून दुसरेंही राहून जाई. तेव्हां संशोधकांनीं प्रश्न विचारला, मोठ्या वयाचा मनुष्य एकाएकीं कोसळला असतां, पहिल्या कांहीं मिनिटांत श्वास देण्याची खरोखर कितपत गरज आहे?

याचें उत्तर आपल्या वाडींतील विहिरीवरच्या हातपंपाकडे पाहिलें असतां चटकन् समजेल. पंप कांहीं वेळ एकसारखा मारला म्हणजे पाणी वर चढतें. मध्येंच हात थांबविला, तर चढलेलें पाणी खालीं बसतें, आणि पुन्हां आठ-दहा वेळां दांडा मारावा तेव्हां धार लागते. छातीचेंही असेंच आहे. एकसारखे दाब दिल्यानें रक्तवाहिन्यांत हळूहळू दाब चढतो. थांबतांच तो उतरतो. दुसरी गोष्ट अशी कीं, जो मनुष्य आतांपर्यंत नीट श्वास घेत होता, त्याच्या रक्तांत व फुप्फुसांत कांहीं मिनिटें पुरेल इतका प्राणवायु शिल्लक असतो. उणीव प्राणवायूची नसते, तो मेंदूपर्यंत पोहोंचविणाऱ्या प्रवाहाची असते. चांगल्या रीतीनें छाती दाबली तरी नेहमींच्या प्रवाहाच्या चौथाई ते तिसरा हिस्सा एवढाच प्रवाह चालतो. परंतु मेंदूची ज्योत तेवत ठेवावयास तेवढें तेलही कांहीं काळ पुरतें.

या विचाराला अनुसरून अमेरिकेंतील हृदयरोगविषयक संस्थेनें २००८ सालीं सामान्य लोकांना उद्देशून केवळ हातांनीं छाती दाबण्याची शिफारस प्रसिद्ध केली. त्या देशाच्या अॅरिझोना राज्यांत २००५ ते २००९ या पांच वर्षांत हीच साधी रीत लोकांना मोठ्या प्रमाणावर शिकविण्यांत आली. त्याचा निष्कर्ष २०१० सालीं बाहेर आला. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ज्या रुग्णांना जवळच्यांनीं कांहींच केलें नाहीं, त्यांपैकीं शेंकडा ५.२ वांचले, ज्यांना जुन्या रीतीनें श्वास व दाब दोन्ही दिले, त्यांपैकीं ७.८, आणि ज्यांची केवळ छाती दाबली, त्यांपैकीं १३.३. युरोपांतील डेन्मार्क देशानें २००५ पासून प्राथमिक शाळांत आणि २००६ पासून वाहन चालविण्याचा परवाना घेणारांस हें शिक्षण सक्तीचें केलें. २००१ सालीं तेथें अशा रुग्णांपैकीं शेंकडा २१ जणांस जवळच्या लोकांकडून मदत मिळत असे. २०१० सालीं हें प्रमाण जवळजवळ ४५ झालें. त्याच काळांत तीस दिवस उलटून जिवंत राहणाऱ्यांचें प्रमाण ३.५ वरून १०.८ वर गेलें. रुग्णालयांतील सुधारणांचाही त्यांत वांटा आहे, हें खरें. परंतु रुग्ण जिवंत पोहोंचल्यावांचून रुग्णालयाची सुधारणा कोणाच्या कामीं येणार? आपल्या देशांतही भूलतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संस्थेच्या पुढाकारानें २०१७ सालीं सामान्य जनांसाठीं हीच रीत सांगणारी मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. ओळख लवकर पटवा, छाती लवकर दाबा, रुग्णालयांत लवकर पोहोंचवा, अशी तिची त्रिसूत्री आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळतों. ती नीट ध्यानांत ठेवावी.

पहिली गोष्ट, आपण स्वतः संकटांत नाहीं ना, तें पाहावें. विजेचा धक्का बसला असेल तर आधीं मुख्य बटण बंद करावें. रस्त्यावर असाल तर वाहनें थांबवावीं. दुसरी, रुग्णाचे खांदे थोपटून मोठ्यानें हांक मारावी, आणि दहा सेकंदांपेक्षां अधिक न दवडतां श्वास पाहावा. तिसरी, मदत मागावी. परंतु 'कोणीतरी फोन करा' असें म्हणूं नये. 'कोणीतरी' नांवाचा मनुष्य कोणत्याच गर्दींत नसतो! एकाकडे बोट दाखवून, 'तूं १०८ ला फोन लाव' असें सांगावें. ही रुग्णवाहिकेची सेवा आपल्या राज्यांत २०१४ पासून आहे. ११२ हा क्रमांकही चालतो. आपण एकटेच असाल, तर फोन मोठ्या आवाजावर लावून जमिनीवर ठेवावा व हात मोकळे करावे.

चौथी गोष्ट मुख्य. रुग्णाला कठीण व सपाट जागेवर उताणें निजवावें. मऊ बिछान्यावर दिलेला दाब गादींतच जिरतो. बाजूला गुडघे टेकून बसावें. छातीच्या मध्यभागीं, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, एका तळहाताचा मनगटाकडील भाग ठेवावा. त्यावर दुसरा हात ठेवून बोटें गुंफावीं. कोपरें ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. मग आपल्या शरीराचा भार टाकून छाती सरळ खालीं दाबावी. मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खालीं गेली पाहिजे, मात्र ६ च्या पुढें नको. प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊं द्यावी, कारण त्या क्षणींच हृदय पुन्हां रक्तानें भरतें. गति मिनिटाला १०० ते १२० ठेवावी. कूच करणाऱ्या पलटणीचीं पावलें जशीं पडतात, तशी. मोठ्यानें मोजीत जावें. दोन मिनिटांत चांगला बळकट तरुणही थकतो, आणि थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो. म्हणून दर दोन मिनिटांनीं दुसऱ्यानें जागा घ्यावी, परंतु मध्यें खंड पडूं देऊं नये. रुग्ण हालचाल करूं लागेपर्यंत, किंवा जाणता माणूस येऊन काम हातीं घेईपर्यंत थांबूं नये. विजेचा धक्का देणारें स्वयंचलित यंत्र जवळपास असेल तर तें मागवावें. तें उघडल्यावर काय करावयाचें तें स्वतःच बोलून सांगतें, आणि गरज नसतां धक्का देत नाहीं.

या नियमाला अपवाद आहेत, आणि आपल्या भागांत ते फार महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे समुद्र आहे, तळीं आहेत, विहिरी आहेत. बुडालेला मनुष्य, गळ्यांत कांहीं अडकून गुदमरलेला मनुष्य, आणि लहान मुलें यांचें हृदय बहुधा श्वास कोंडल्यामुळें थांबतें. त्यांच्या रक्तांतला प्राणवायु आधींच संपलेला असतो. म्हणून त्यांना श्वास देणेंही अवश्य आहे. डोकें किंचित् मागें झुकवून, हनुवटी उचलून, नाक मिटून, छाती वर येईल इतका श्वास द्यावा. तीस दाबांमागें दोन श्वास, असें प्रमाण ठेवावें. तान्ह्या बाळाची छाती दोन्ही हातांनीं वेढून दोन अंगठ्यांनीं, किंवा एका तळहाताच्या मनगटाकडील भागानें दाबावी. ज्याला श्वास देतां येत नाहीं त्यानें निदान छाती तरी दाबावी. कांहींच न करण्यापेक्षां तें केव्हांही बरें. मात्र बुडालेल्याला उलटें धरून गरगर फिरविणें, किंवा पोट दाबून पाणी काढीत बसणें, हे प्रकार सर्वथा सोडून द्यावे. त्यांत मोलाचीं मिनिटें जातात.

आतां मनांतील शंका. 'बरगडी मोडली तर?' कधीं कधीं मोडते. मोडलेली बरगडी कांहीं आठवड्यांत सांधते. थांबलेलें हृदय आपोआप सांधत नाहीं. 'कायद्याचा ससेमिरा लागला तर?' सद्भावनेनें, दुसऱ्याच्या हितासाठीं, त्याची संमति घेणें शक्य नसतां केलेली मदत हा अपराध नव्हे, असें १८६० च्या दंडसंहितेच्या ९२ व्या कलमांत होतें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमांत तेंच तत्त्व कायम आहे. रस्त्यावरील अपघातांत मदत करणारांस तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनें आणखी संरक्षण दिलें आहे.

तिसरी शंका कोणी उघड बोलत नाहीं. पडलेली व्यक्ति स्त्री असेल तर? अमेरिकेंत २०१७ सालीं मांडलेल्या एका पाहणींत असें दिसलें कीं, सार्वजनिक जागीं कोसळलेल्या पुरुषांपैकीं शेंकडा ४५ जणांस लोकांनीं छाती दाबून मदत केली, परंतु स्त्रियांपैकीं ३९ जणींसच. मर्यादा हा आपल्या घरांतला मोठा दागिना आहे, आणि तो असावाच. परंतु मर्यादेच्या नांवाखालीं कोणाच्या आईला मरूं देणें ही मर्यादा नव्हे. वस्त्र काढण्याचें कारण नाहीं; पदरावरूनही दाबतां येतें. जवळ स्त्रिया असतील तर त्यांनींच पुढें यावें. आणि त्यासाठीं आपल्या भगिनींनीं हें शिक्षण पुरुषांच्या आधीं घ्यावें, असें मी म्हणेन.

चौथी शंका श्रद्धाळू मनाची आहे. 'देवाची इच्छा असेल तसें होईल.' खरें आहे. परंतु देवाची इच्छा काय आहे, तें चार मिनिटांच्या आंत ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला? 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असें आपण वांचलेल्या माणसाविषयीं म्हणतों. वेळ आली कीं नाहीं, हें हात गुंडाळून उभें राहिल्यानें कळत नाहीं. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या त्या जखमी माणसाला पाहून दोघे बाजूनें निघून गेले. तेही कदाचित् असेंच कांहीं मनाशीं म्हणत गेले असतील. धर्मगुरूंना बोलावणें हें आपलें कर्तव्यच आहे. एकानें त्यांच्याकडे अवश्य धांवावें. परंतु ते येईपर्यंत, आणि आल्यावरही, छाती दाबणाऱ्याचे हात थांबूं नयेत. निकडीच्या वेळीं कपाळावर एकदां तेल लावल्यानेंही रुग्णाभ्यंगाचा संस्कार पूर्ण होतो, असें ख्रिस्तसभेच्या कायद्यांतच आहे. कपाळ धर्मगुरूंसाठीं मोकळें ठेवा, आणि छाती आपल्या हातांखालीं असूं द्या. या दोन सेवा एकमेकींच्या आड येत नाहींत.

आणखी एक गोष्ट मला प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. मीं वर दिलेले आंकडे पुन्हां पाहा. उत्तम प्रयत्न होऊनही शंभरांतील ऐंशींहून अधिक माणसें गेलींच. म्हणून ज्यानें मनापासून हात चालविले, आणि तरीही ज्याचें माणूस गेलें, त्यानें पुढें आयुष्यभर स्वतःला दोष देत बसूं नये. आणि गांवानेंही त्याच्याकडे बोट दाखवूं नये. उलट त्याच्या घरीं जाऊन म्हणावें, 'शेवटच्या घटकेला तो एकटा नव्हता. तुझे हात त्याच्यावर होते.' हा उपाय म्हणजे यशाची हमी नव्हे. तो संधीचा दरवाजा थोडा वेळ उघडा धरणें आहे. परंतु जो दरवाजा कोणींच धरला नाहीं, त्यांतून कोणीही परत येत नाहीं.

शेवटीं एक विनंती. हृदय बंद पडण्याचे बहुतेक प्रसंग बाजारांत वा देवळांत घडत नाहींत. ते घरांत घडतात. म्हणजे ज्याची छाती आपणांस दाबावी लागेल, तो परका नसून बहुधा आपलाच बाप, आपलीच पत्नी, आपलाच भाऊ असेल. आपण हें शिकतों तें जगासाठीं खरें, परंतु पहिला लाभ आपल्याच उंबरठ्याच्या आंत आहे. म्हणून महोत्सवाच्या या वर्षांत प्रत्येक घरांतून निदान एकानें, सरावाच्या बाहुल्यावर हात ठेवून, जाणत्या शिक्षकाकडून हें शिकून घ्यावें. दोन तासांचें काम आहे. तेवढ्यावर न थांबतां दर वर्षीं एकदां त्याची उजळणी करावी, कारण न वापरलेली विद्या हात विसरतात. देवळाच्या दाराशीं व प्रत्येक वाडीच्या तोंडाशीं १०८ हा क्रमांक आणि त्या जागेचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लावावा. घाबरलेल्या माणसास स्वतःचा पत्ताही सांगतां येत नाहीं. रात्रीं रुग्णवाहिका आली तर फाटक कोण उघडील, आणि दिवा घेऊन वळणावर कोण उभा राहील, तें आधींच ठरवून ठेवावें.

आपल्या वाडवडिलांनीं हें देऊळ उभारलें तें हातांनींच. त्याच हातांचा वारसा आपल्याकडे आहे. पुढील महोत्सवाच्या दिवशीं या अंगणांत बसलेल्यांमध्यें एक तरी माणूस असा असावा, कीं ज्याचें हृदय एकदां थांबलें होतें, आणि शेजाऱ्याच्या दोन हातांनीं तें चालतें ठेवलें. एवढीच माझी इच्छा आहे.